घरून डेटाबेस पुन्हा कनेक्ट होत नाहीये? आयपीची यादी वाढवत बसू नका

"डीबी कनेक्ट होत नाहीये, माझा नवा आयपी टाका ना प्लीज." घरून काम करणाऱ्या टीममध्ये हा मेसेज दर थोड्या दिवसांनी येतोच. काल रात्रीपर्यंत सगळं चालू होतं, आज सकाळपासून टाइमआउट. सर्व्हर तोच, पासवर्ड तोच, कोणी कशाला हात लावलेला नाही. मग कोणीतरी क्लाउडच्या कन्सोलमध्ये जाऊन फायरवॉलच्या यादीत नवा आयपी घालतं, काम सुरू होतं आणि पुढच्या आठवड्यात हाच मेसेज दुसऱ्या कोणाकडून येतो. जुने आयपी यादीतून कोणी काढत नाही. आणि एखाद्या रिलीजच्या रात्री, घाईत, त्या यादीत ०.०.०.०/०, म्हणजे "जगातला कुठलाही आयपी", पडतं. "उद्या काढू" असं ठरतं आणि ते तसंच राहतं.

इथे मी पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल लिहितोय, क्लाउडमधल्या उबंटू लिनक्सच्या व्हीएमवर (आभासी मशीनवर) स्वतः बसवलेल्या. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर फाइलींची नावं वेगळी आणि पोर्ट ५४३२ ऐवजी ३३०६, पण दुखणं तेच. माझं म्हणणं असं की डेटाबेसचं पोर्ट इंटरनेटकडे उघडं ठेवायचंच नाही आणि माणसाची ओळख आयपीवरून नाही, कीवरून (प्रत्येकाकडच्या गुप्त डिजिटल किल्लीवरून) पटवायची. एकदा हे केलं की वरचा मेसेज येणं थांबतं. मात्र आज सकाळी जे अडलंय ते आधी सुटायला हवं, म्हणून सुरुवात एररपासून.

एरर काय म्हणतेय ते शब्दशः वाचा

"कनेक्ट होत नाही" ही एरर नव्हे. पोस्टग्रेसपर्यंत पोचताना चार टप्पे लागतात: नेटवर्क आणि फायरवॉल, पोर्टवर कोणी ऐकतंय का, पीजी_एचबीए.कॉन्फमधला (कोणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पोस्टग्रेसच्या फाइलमधला) नियम, आणि शेवटी पासवर्ड. प्रत्येक टप्पा वेगळ्या शब्दांत नाही म्हणतो.

बराच वेळ काहीच होत नाही आणि मग "कनेक्शन टाइम्ड आउट" येतं, तर पॅकेट वाटेतच टाकून दिलं जातंय. दोष फायरवॉलमध्ये शोधा, आणि फायरवॉल दोन असतात हे विसरू नका: क्लाउडची सिक्युरिटी ग्रुप आणि मशीनवरची यूएफडब्ल्यू (उबंटूची स्वतःची फायरवॉल). या वेळी पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये ओळी घालत बसणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, कारण तुमची विनंती पोस्टग्रेसपर्यंत पोचलेलीच नाही.

क्षणात "कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं, तर बहुतेक वेळा तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पत्त्यावर आणि पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. (फायरवॉल ड्रॉपऐवजी रिजेक्ट करत असेल तरी हेच दिसतं.) सर्व्हरवर उघडी पोर्टं दाखवणारी एसएस कमांड -एलटीएनपी पर्याय देऊन चालवा. १२७.०.०.१:५४३२ दिसलं तर पोस्टग्रेस फक्त स्वतःच्या मशीनपुरतं ऐकतंय. हे त्याचं मूळचं वागणं आहे: लिसन_ॲड्रेसेसची (कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं ते सांगणाऱ्या सेटिंगची) डीफॉल्ट किंमत लोकलहोस्ट असते, आणि ती चांगलीच आहे.

"नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री फॉर होस्ट" आलं तर समाधान माना, नेटवर्क नीट आहे. या एररमध्येच तुमचा आयपी, युजर आणि डेटाबेस छापलेला असतो. तो आयपी नीट बघा, पोस्टग्रेसला तुम्ही जसे दिसता तसा तो आहे. ओळीच्या शेवटी "नो एन्क्रिप्शन" असेल तर बहुधा सर्व्हरवरचा नियम होस्टएसएसएल प्रकारचा, म्हणजे फक्त एन्क्रिप्टेड कनेक्शन घेणारा, आहे आणि तुमचा क्लायंट साध्या कनेक्शनने आलाय.

उरतं "पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड". यात पोस्टग्रेस मुद्दाम तोंड मिटून बसतं. युजरच नाही, की पासवर्ड चुकला, की पासवर्डची मुदत संपली, हे बाहेरच्याला सांगणं धोक्याचं असतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं, उबंटूवर ते /व्हार/लॉग/पोस्टग्रेस्क्यूएल या फोल्डरमध्ये सापडेल. एररच्या खालच्या डीटेल ओळीत रोल (पोस्टग्रेसमधला युजर) अस्तित्वात नाही वगैरे स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि पीजी_एचबीए.कॉन्फमधली कितव्या क्रमांकाची ओळ लागू झाली तेही. तो आकडा फार मोलाचा आहे, कारण या फाइलमध्ये वरून खाली पहिली जुळणारी ओळ लागते आणि तिथेच विषय संपतो. ती ओळ नापास झाली म्हणून पोस्टग्रेस पुढची ओळ बघत नाही. तुम्ही नवा नियम फाइलच्या तळाशी घातलाय आणि वरचाच एखादा ढोबळ नियम लागतोय, असं सर्रास होतं.

जुन्या सर्व्हरवरून डेटाबेस हलवला असेल तर पासवर्ड बरोबर असूनही हीच एरर येते. स्क्रॅम-शा-२५६ ही पासवर्ड तपासण्याची पद्धत पोस्टग्रेस १० मध्ये आली आणि १४ पासून पासवर्ड साठवण्याची डीफॉल्ट पद्धत झाली. त्याआधीचे पासवर्ड एमडी५ स्वरूपात साठवलेले असतात आणि डंपबरोबर (जुन्या डेटाबेसच्या नकलेबरोबर) तसेच येतात. नियम स्क्रॅमचा आणि साठवण एमडी५ची, मग कितीही बरोबर पासवर्ड टाका, उपयोग नाही. पीजी_ऑथआयडी या टेबलमधला रोलपासवर्ड हा कॉलम बघा, "एमडी५"ने सुरू होत असेल तर पासवर्ड पुन्हा सेट करावा लागेल. तो पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या क्लायंटमधल्या बॅकस्लॅश-पासवर्ड कमांडने करा. त्यात पासवर्ड क्लायंटवरच हॅश होऊन जातो, लॉगमध्ये किंवा हिस्टरीत उघडा पडत नाही.

केलेला बदल परत गायब का होतो

बदल करूनही फरक पडला नाही, किंवा पडला आणि नंतर पुन्हा मूळपदावर आला, तर पुढच्या गोष्टी तपासा.

लिसन_ॲड्रेसेस बदललं तर रिस्टार्ट लागतो, रिलोड पुरत नाही. उलट पीजी_एचबीए.कॉन्फला रिलोड पुरतो, तिथे उगाच रिस्टार्ट करून सगळ्यांची कनेक्शनं तोडू नका. पण या फाइलमध्ये चूक असेल तर रिलोडच्या वेळी पोस्टग्रेस जुनेच नियम चालू ठेवतं आणि तक्रार फक्त लॉगमध्ये नोंदवतं. पुढे कधीतरी मशीन रिस्टार्ट होतं आणि त्याच चुकीमुळे डेटाबेस उठतच नाही. म्हणून रिलोडच्या आधी पीजी_एचबीए_फाइल_रूल्स हा व्ह्यू बघायचा. तो फाइलची आत्ताची स्थिती वाचतो आणि चुकलेल्या ओळीपुढे एरर दाखवतो.

कधी काळी कोणी ऑल्टर सिस्टम वापरून सेटिंग बदललं असेल, तर ते पोस्टग्रेस्क्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये जाऊन बसतं आणि मुख्य फाइलवर मात करतं. तुम्ही मुख्य फाइल कितीही बदला. पीजी_सेटिंग्स व्ह्यूमध्ये सोर्सफाइल हा कॉलम आहे, किंमत कुठून आली ते तो सांगतो.

आणि उबंटूवर नवी मोठी आवृत्ती बसवली की नवं क्लस्टर (पोस्टग्रेसची स्वतंत्र, वेगळी प्रत) तयार होतं, स्वतःच्या कोऱ्या सेटिंगसह. ५४३२ जुन्याने धरलेलं असेल तर नवं ५४३३ वर जातं. पीजी_एलएसक्लस्टर्स चालवलं की कोण कुठल्या पोर्टवर आहे ते एका नजरेत दिसतं.

डॉकरबद्दल (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनाबद्दल) मात्र जरा थांबून लिहितो, कारण इथे धोका मोठा आणि न दिसणारा आहे. कंटेनर चालवताना पोर्ट "५४३२:५४३२" असं पब्लिश केलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो, आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून थेट कंटेनरकडे जाते. यूएफडब्ल्यू स्टेटस म्हणतं ५४३२ बंद आहे, आणि जगाला ते उघडं आहे. कंपोज फाइलमध्ये "१२७.०.०.१:५४३२:५४३२" लिहा, म्हणजे पोर्ट त्या मशीनपुरतंच राहील.

आयपीची यादी हा उपाय का नाही

घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलता असतो. राउटर बंद-चालू झाला, रात्री लाइट गेली, की नवा मिळू शकतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुष्कळ ठिकाणी, मोबाइल हॉटस्पॉटवर तर हमखास, त्याच्याही पुढची गोष्ट असते: सीजीनॅट, म्हणजे इंटरनेट कंपनीने बाहेरचा एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटणं. तुमच्या राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या बाजूच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होणारा आयपी दिसत असेल तर तुम्ही त्यात आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी "माझा आयपी काय" विचारल्यावर जो मिळतो तो तुमचा एकट्याचा नसतो, त्या कंपनीचे कित्येक ग्राहक तोच वापरत असतात. तो यादीत घातला की त्या सगळ्यांना दार उघडलं.

आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या प्रकाराचा गोंधळ वेगळाच. सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही६ पत्ताही असेल तर हॉटस्पॉटवरून क्लायंट आधी त्यानेच जातो. यादीत मात्र आयपीव्ही४ घातलेला. ऑफिसच्या वायफायवर चालतं, हॉटस्पॉटवर चालत नाही, या कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

आणि ०.०.०.०/० का नको? उघडी पोर्टं शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अखंड फिरत असतात. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डशिवाय उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी सर्व्हर पुसले गेले आणि जागोजागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. पोस्टग्रेसच्या बाबतीत २०२० मध्ये पीजीमायनर नावाचं मालवेअर उघडकीला आलं. ते पोस्टग्रेस या सुपरयुजरचा पासवर्ड ओळखून आत शिरायचं आणि कॉपी फ्रॉम प्रोग्राम या सोयीने थेट ऑपरेटिंग सिस्टमवर कमांड चालवायचं. म्हणजे पोस्टग्रेसचा सुपरयुजर हातून गेला की नुसता डेटा जात नाही, त्या मशीनवर परक्याच्या कमांड चालू लागतात.

दोघातिघांसाठी एसएसएच टनेल

लोक थोडे असतील आणि सर्व्हरवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) आधीच असेल तर नवीन काही बसवायला नको, त्याच्याच एन्क्रिप्टेड वाटेने डेटाबेसची वाहतूक नेता येते; हाच टनेल. पोस्टग्रेसला लोकलहोस्टवरच ऐकू द्या. लॅपटॉपवरून एसएसएच -एन -एल ६५४३:१२७.०.०.१:५४३२ आणि पुढे युजर, ॲट, सर्व्हरचं नाव. मग डीबीव्हर किंवा पीजीॲडमिन अशा डेटाबेस बघायच्या प्रोग्राममध्ये होस्ट १२७.०.०.१, पोर्ट ६५४३.

लॅपटॉपच्या बाजूला ६५४३ मुद्दाम घेतलंय. बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर स्वतःचं पोस्टग्रेस ५४३२ वर चालू असतं. तिथे टनेलही ५४३२ वर बांधायला गेलात तर एसएसएच एक इशारा देऊन तसंच पुढे जातं, टनेल होत नाही, आणि तुम्ही स्वतःच्याच लॅपटॉपवरच्या डेटाबेसला प्रॉडक्शनचा पासवर्ड देत बसता. एरर येते पासवर्ड चुकल्याची. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर यस लिहिलं की टनेल जमला नाही तर एसएसएच तिथेच थांबतं. सोबत सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० ठेवा, म्हणजे लॅपटॉप नुसता बसून राहिला तरी मधला राउटर कनेक्शन विसरत नाही. आणि कमांडमध्ये लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ लिहा. सर्व्हरवर लोकलहोस्टचा अर्थ कधीकधी आयपीव्ही६चा ::१ लागतो आणि त्यासाठी पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये ओळ नसेल तर पुन्हा तेच रडगाणं.

ज्याला फक्त डेटाबेस हवा त्याला शेल (सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) देऊ नका. सर्व्हरवरच्या ऑथोराइज्ड_कीज फाइलमध्ये त्याच्या कीच्या आधी रिस्ट्रिक्ट, पोर्ट-फॉरवर्डिंग आणि परमिटओपन="१२७.०.०.१:५४३२" असे पर्याय लिहिता येतात. रिस्ट्रिक्टने टर्मिनल बंद होतं, पण कमांड चालवायला वाट उरते, तेव्हा त्या खात्याचा लॉगिन शेलही नोलॉगिन करा. टनेल -एनने उघडतो, त्याला शेल लागत नाही.

टीम मोठी असेल तर वायरगार्ड

वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून बांधलेलं खासगी नेटवर्क, मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्येच आहे. प्रत्येक लॅपटॉपला स्वतःची की आणि आतला स्थिर आयपी मिळतो, समजा सर्व्हर १०.८.०.१ आणि लोक १०.८.०.२ पासून पुढे. घरचा आयपी कितीही बदलो, आतला तोच राहतो. बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० उघडं लागतं, आणि ओळखीची की नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. लॅपटॉपच्या कॉन्फिगमध्ये अलाउडआयपीज फक्त १०.८.०.१/३२ ठेवा, नाहीतर लोकांचं सगळं ब्राउझिंग तुमच्या सर्व्हरवरून वाहू लागेल. आणि पर्सिस्टंटकीपअलाइव्ह २५ ठेवा, म्हणजे मधला राउटर कनेक्शन विसरत नाही.

मग यूएफडब्ल्यूमध्ये ५४३२ फक्त डब्ल्यूजी० या वायरगार्डच्या इंटरफेसवरून येणाऱ्यांना मोकळं करा, आणि पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये १०.८.०.०/२४ साठी नेमका डेटाबेस, नेमका रोल आणि स्क्रॅम-शा-२५६ अशी ओळ. "ऑल ऑल" नको.

कनेक्ट झालं नाही तर आधी डब्ल्यूजी शो चालवा. "लेटेस्ट हँडशेक" ही ओळच नसेल तर यूडीपी अडलंय किंवा की जुळत नाहीये. हँडशेक ताजा आहे, छोट्या क्वेरी चालतात आणि मोठा रिझल्ट आला की स्क्रीन गोठते, हे एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल आकाराचं) लक्षण. हॉटस्पॉटवर ते फार दिसतं. लॅपटॉपच्या कॉन्फिगमध्ये एमटीयू १२८० करून बघा.

आता ती खोड, जी फक्त सर्व्हर रीबूट झाल्यावर उगवते. लिसन_ॲड्रेसेसमध्ये "लोकलहोस्ट, १०.८.०.१" लिहिलेलं असतं, महिनोन्‌महिने उत्तम चालतं. मग कर्नल अपडेटसाठी रीबूट होतो आणि सगळ्यांना "कनेक्शन रिफ्यूज्ड". हाताने पोस्टग्रेस रिस्टार्ट केलं की पुन्हा ठीक, म्हणून कोणी खोलात जात नाही. कारण असं की बूट होताना पोस्टग्रेस आधी उठलं आणि डब्ल्यूजी० नंतर. त्या क्षणी १०.८.०.१ हा पत्ता मशीनवर नव्हताच. लॉगमध्ये "कुड नॉट बाइंड" आणि "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस" दिसेल. एकही पत्ता मिळाला नाही तरच पोस्टग्रेस थांबतं. इथे लोकलहोस्ट मिळाला, तेव्हा ते तेवढ्यावर आनंदाने चालू राहिलं, आणि सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या दृष्टीनेही सगळं हिरवं. उपाय: सिस्टमसीटीएल एडिटने पोस्टग्रेस्क्यूएल@१६-मेन या सर्व्हिसला (आवृत्ती तुमची घाला) आफ्टर आणि वाँट्स या दोन्हींत डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी० ही सर्व्हिस द्या. नुसत्या पोस्टग्रेस्क्यूएल सर्व्हिसला देऊन उपयोग नाही, उबंटूवर ती केवळ बाकीच्यांना उठवणारी आहे. नंतर एकदा मुद्दाम रीबूट करून एसएसने खात्री करा.

सर्टिफिकेटची तिमाही अडचण

टनेल डेटाबेसच्याच मशीनवर संपत असेल तर वाटेतली वाहतूक एन्क्रिप्टेडच असते. पण टनेल मधल्या एखाद्या बॅस्चन मशीनवर संपतो आणि डेटाबेस त्याच्या पलीकडे आहे, किंवा क्लाउडचा मॅनेज्ड डेटाबेस आहे जिथे एसएसएच करताच येत नाही, तर पुढच्या टप्प्यासाठी टीएलएस (कनेक्शनचं स्वतःचं एन्क्रिप्शन, जुनं नाव एसएसएल) हवंच. तिथे क्लायंटच्या एसएसएलमोड या सेटिंगची डीफॉल्ट किंमत प्रीफर आहे, आणि ती भरवशाची नाही: सर्व्हरने एसएसएल दिलं नाही तर क्लायंट गुपचूप साध्यावर येतो. रिक्वायर एन्क्रिप्ट करतं, पण समोरचा सर्व्हर खरंच तुमचा आहे का ते पडताळण्याचा भरवसा देत नाही. व्हेरिफाय-फुल वापरा, ते सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि त्यावरचं नाव दोन्ही तपासतं. टनेलमधून जाताना होस्ट १२७.०.०.१ असल्यामुळे सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही. त्यासाठी कनेक्शन स्ट्रिंगमध्ये होस्टला खरं नाव आणि होस्टॲडरला १२७.०.०.१ द्यायचं. हे ठाऊक नसल्यामुळे बरेच जण पडताळणीच बंद करून टाकतात.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची नेहमीची सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात. सर्टबॉट हा प्रोग्राम वेळेवर नवं आणतो, पण पोस्टग्रेसने ते वाचलेलं नसतं, आणि एक दिवस सगळ्यांना "सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड". सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये तीन कामं लिहा: फाइली पोस्टग्रेसच्या फोल्डरमध्ये कॉपी करणं, प्रायव्हेट कीची मालकी पोस्टग्रेस युजरकडे आणि परवानगी ०६०० करणं, आणि रिलोड. पोस्टग्रेस १० पासून यासाठी रिस्टार्ट लागत नाही.

कोण आलं, कोण गेलं

सगळ्यांनी एकच ॲप युजर वापरणं बंद करा. प्रत्येकाला स्वतःचा रोल, आणि फक्त बघायचंय त्याला पोस्टग्रेस १४ पासून मिळणारा पीजी_रीड_ऑल_डेटा. एसएसएच टनेलमधून आलेल्या सगळ्यांचा पत्ता लॉगमध्ये १२७.०.०.१ असाच दिसतो, तिथे माणूस ओळखायला रोलच कामी येतो. लॉग_कनेक्शन्स चालू ठेवा. लॉग किती दिवस राखायचे हेही आधीच ठरवा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपणं आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं आहे, आणि जुने लॉग काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटचं उबंटूवरचं मूळ सेटिंग त्यापेक्षा कितीतरी आधी फाइली पुसून टाकतं.

टीममधून कोणी गेलं की त्याची की डब्ल्यूजी सेट कमांडने काढा आणि डब्ल्यूजी०.कॉन्फमधूनही काढा, कारण फक्त चालू इंटरफेसवरून काढली तर पुढच्या रीबूटला ती परत येते. त्याच्या रोलला नोलॉगिन करा. नोलॉगिनने नवी कनेक्शनं थांबतात, आधीपासून उघडी असलेली नाही. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये त्या रोलची सेशनं शोधून पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने ती बंद करा.